अ‍ॅड्रिनल फटीग झालं आहे, गोळ्या न घेता नैसर्गिकरीत्या बरं कसं व्हायचं?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वर्षभराचा थकवा, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दुपारी तीननंतर डोकं चालत नाही. दिवसातून चार वेळा लाळ देऊन कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या हार्मोनचा, आलेख काढला आणि वेलनेस सल्लागाराने सांगितलं की तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी, 'थकल्या' आहेत. आता डॉक्टरी औषधं नकोत, नैसर्गिक उपाय हवेत. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी स्पष्ट सांगतो. अ‍ॅड्रिनल फटीग नावाचा आजार नाही. थकवा आहे, तो खरा आहे, त्यावर मी कणभरही शंका घेत नाही. पण नाव चुकीचं आहे. १९९८ साली जेम्स विल्सन नावाच्या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने (हाताने मणक्यांवर उपचार करणाऱ्याने) ते चालू केलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी यावरचे ५८ अभ्यास एकत्र करून तपासले आणि ताणाने अ‍ॅड्रिनल थकतात याला पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. ताणाचा मूळ अभ्यास १९३६ सालचा, हान्स सेली यांचा, उंदरांवरचा. त्या उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झिजल्या नव्हत्या, उलट मोठ्या झाल्या होत्या. ताण आला की मेंदूतून हुकूम येतो आणि ही ग्रंथी जास्त काम करते. ती कामाने दमून बसत नाही.

ती निकामी मात्र होते. आणि ते आम्ही पाहिलं आहे.

माझी धाकटी बहीण शिक्षिका आहे. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. वर्गात उभं राहवत नाही, फळ्याला टेकावं लागतं, असं ती सांगायला लागली. वजन सहा-सात किलोंनी उतरलं, तर ओळखीच्या बायका तिचं कौतुक करत होत्या. बसल्या जागेवरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोनदा गेली. त्यांनी हिमोग्लोबिन पाहिलं, ते बरं निघालं, मग "टेन्शन कमी करा" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. एकदाही तिचा रक्तदाब उभं करून मोजला नाही. त्या माणसावर माझा आजही राग आहे, कारण तिथे तिचं ऐकून घेतलं असतं तर ती दुसरीकडे गेलीच नसती.

दुसरीकडे म्हणजे आमच्या आतेभावाकडे. तो आरोग्य सल्लागार आहे, काही ऑनलाइन कोर्स केलेले आहेत. माणूस वाईट नाही, हे मनापासून सांगतो. त्याने तिचं दोन तास ऐकून घेतलं, जे कोणी केलं नव्हतं. लाळेची चाचणी करवली, चारही वेळचं कॉर्टिसॉल खाली, आणि निदान दिलं: अ‍ॅड्रिनल फटीग, तिसरा टप्पा. उपाय असे: उठल्या उठल्या मीठ घातलेलं पाणी, ज्येष्ठमधाच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा, क जीवनसत्त्व, कॉफी बंद, रात्री दहाला दिवा बंद.

मी म्हणत होतो की आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवू, रक्त नीट तपासू. घरात यावरून भांडण झालं. आणि ते भांडण मी हरलो, कारण तिला तीन आठवड्यांत खरोखर बरं वाटायला लागलं. जिना न थांबता चढली. आई मला म्हणाली, "बघ, तुझा विश्वासच नसतो कशावर." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं ओझं माझ्याकडे आहे.

त्या काळातल्या दोन गोष्टी आजही डोळ्यांसमोरून जात नाहीत. रात्री पाणी प्यायला उठलो होतो, तर ती स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होती आणि तळहातावर मीठ घेऊन चाटत होती. मला बघून ओशाळली, म्हणाली, "दादा, सारखं खावंसं वाटतं." आणि दुसरी गोष्ट तिचे हात. ती उन्हात फारशी जात नव्हती, तरी काळवंडत चालली होती. तळहाताच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या दिसत होत्या. बोटांच्या पेरांवर, कोपरावर, लहानपणी गुडघ्याला झालेल्या जखमेच्या व्रणावर तोच रंग. आम्ही सगळ्यांनी ते रोज पाहिलं आणि कोणीही काही बोललं नाही.

पाचव्या महिन्यात घरात पोटाची साथ आली. आम्हा सगळ्यांना उलट्या-जुलाब झाले, दोन दिवसांत आम्ही उठलो. ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये पडली. इस्पितळात नेलं तेव्हा रक्तदाब ७० / ४०. सोडियम ११६, म्हणजे असायला हवं त्याहून वीसएक अंकांनी कमी. पोटॅशियम ६.२, साखर ५४. कोणी म्हणालं अन्नातून विषबाधा, कोणी म्हणालं किडनी.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने सलाइन लावता लावता बहिणीचा हात उलटा करून तळवा पाहिला. मग अंगठ्याने खालचा ओठ ओढून आत टॉर्च मारला. आत निळसर काळे डाग होते. तिने फक्त एक प्रश्न विचारला: "मीठ खावंसं वाटतं का हो?" मी तिथेच रडायला लागलो.

तिने कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी (अ‍ॅड्रिनलला कामाचा हुकूम देणारं मेंदूकडचं हार्मोन) रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन शिरेतून दिलं. संध्याकाळी बहीण उशी उंच करून मागत होती. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: कॉर्टिसॉल १ च्याही खाली, एसीटीएच प्रचंड वर. अ‍ॅडिसनचा आजार, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होणं. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली तो वर्णन केला, त्या वेळच्या बऱ्याच रुग्णांत क्षयाने ग्रंथी खाल्लेल्या असायच्या. म्हणून बहिणीचाही पोटाचा सीटी स्कॅन केला. क्षय नव्हता. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी संपवली होती. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीजही सापडल्या, या गोष्टी अनेकदा जोडीने येतात.

आता आतेभाऊ. तो आजही भेटला की म्हणतो, "पण माझ्या उपायांनी तिला बरं वाटलं होतं, हे तू नाकारू शकत नाहीस." मी नाकारत नाहीच. बरं वाटलंच होतं, आणि का वाटलं हे मी नंतर शोधून काढलं. अ‍ॅडिसनमध्ये मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोनही संपतं, त्यामुळे शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं. सकाळचं मिठाचं पाणी ती गळती भरून काढत होतं. ज्येष्ठमधाचं काम तर याहून थेट. मूत्रपिंडात एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉलला तिथे निष्क्रिय करतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन त्या एन्झाइमला अडवतं. मग उरलंसुरलं कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या जागी काम करायला लागतं आणि मीठ शरीरात टिकतं. १९५० च्या आसपास नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अ‍ॅडिसनच्या रुग्णांवर ज्येष्ठमध वापरूनही पाहिलं होतं. पण त्यासाठी थोडं तरी कॉर्टिसॉल शिल्लक लागतं. ग्रंथी पूर्ण संपली की ज्येष्ठमधाला धरायला काही उरत नाही.

म्हणजे तिला मिठाने आणि ज्येष्ठमधाने फरक पडला, हाच आजाराचा सर्वांत मोठा पुरावा होता. ज्याला अ‍ॅड्रिनलचं ज्ञान आहे त्याने तो फरक पाहून तिला त्याच दिवशी इस्पितळात पाठवायला हवं होतं. त्याने तो आपला विजय म्हणून मोजला, आणि त्या विजयाने आमचे पाच महिने खाल्ले. "फरक पडला ना?" हा प्रश्न पुरेसा नाही, कशाने पडला आणि का पडला हे विचारायचं असतं. इतकं लिहितोय, कारण त्याला समोरासमोर हे कधी नीट सांगता आलं नाही.

तुमच्याबद्दल. तुम्हाला अ‍ॅडिसन असेल असं मी म्हणत नाही. तो दुर्मिळ आहे, युरोपात दहा लाखांत शे-सव्वाशे जणांना असतो. तुमचं वजन उतरत नसेल, त्वचा काळवंडत नसेल, मिठाची हाव नसेल, उभं राहिल्यावर गरगरत नसेल, तर शक्यता फारच कमी. पण ज्या रक्तचाचण्या आम्ही केल्या नाहीत त्या तुम्ही करा: सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल, सोडियम-पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्राम आणि फेरिटिन (साठवलेलं लोह), बी-१२, साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी). रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही. कॉर्टिसॉल कमी आलं तर एसीटीएच उत्तेजन चाचणी: २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा रक्त. लाळेचा चार वेळांचा आलेख या निदानाला चालत नाही. लाळेतलं रात्री उशिराचं कॉर्टिसॉल डॉक्टर तपासतात, पण ते उलट्या आजारासाठी, म्हणजे कुशिंगसाठी, जिथे कॉर्टिसॉल जास्त असतं.

वर्षभर थकलेल्या माणसात बहुतेक वेळा काहीतरी साधं निघतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह संपलेलं असू शकतं, बायकांत तर सर्रास. थायरॉइड. झोपेत श्वास अडकणं, त्यात माणूस आठ तास झोपूनही शिळाच उठतो, घोरता का ते घरच्यांना विचारा. आणि नैराश्य. ते नाव घ्यायला लोक घाबरतात आणि 'अ‍ॅड्रिनल' म्हणायला बरं वाटतं, हे मला समजतं. पण नैराश्यावर उपचार आहेत.

नैसर्गिक उपाय विचारलेत, तर जे खरंच कामाचं आहे त्यातलं थोडं आतेभावाच्या यादीतही होतं आणि ते कॅप्सूलमध्ये नव्हतं. रोज एकाच वेळी उठणं, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात वीस-तीस मिनिटं. कॉर्टिसॉल निसर्गतःच सकाळी सर्वांत वर आणि मध्यरात्री सर्वांत खाली असतं, हा ताल उजेड जुळवून देतो. दुपारनंतर कॉफी नको, कॅफिन निम्मं व्हायलाच पाचएक तास लागतात. व्यायाम रोज थोडा, आणि दुसऱ्या दिवशी आडवं पाडणार नाही इतकाच. कामाचा बोजा खरोखर जास्त असेल तर तो कमी करावाच लागतो, त्याला पर्यायी वनस्पती नाही.

अश्वगंधा मी सुचवणार नाही. तिने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचे आकडेही ती हलवू शकते. ज्येष्ठमध तर चाचण्यांआधी अजिबात नको. धडधाकट माणसातही ते रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम खाली नेतं. 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' नावाच्या गोळ्या सर्वांत वाईट. २०१८ साली मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात अशा १२ उत्पादनांची तपासणी छापून आली. बाराही गोळ्यांत थायरॉइडचं टी-३ हार्मोन सापडलं आणि बऱ्याच गोळ्यांत स्टेरॉइड होती, लेबलवर काही न लिहिता.

म्हणून एक गोष्ट, जी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवी होती. तुम्ही अशा गोळ्या आधीच काही महिने घेत असाल, किंवा दम्याची, सांध्यांची, त्वचेची म्हणून स्टेरॉइड घेतली असतील, तर हे वाचून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिली की स्वतःची ग्रंथी खरोखर झोपी जाते, आणि अचानक बंद केल्यावर माणूस माझ्या बहिणीसारखा कोसळू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असतात.

बहीण आता दिवसातून तीन वेळा हायड्रोकॉर्टिसोन आणि सकाळी अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन घेते, जन्मभर घेईल. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या झाल्या की इंजेक्शन, ते मला देता येतं. पर्समध्ये आजाराचं कार्ड आहे. आठवड्याला सव्वीस तास उभं राहून शिकवते. हे उत्तर टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मिठाचं लिहिलंस ते राहू दे, आणि त्यांना सांग की डॉक्टरांकडे जाताना घरात घेत असलेल्या सगळ्या डब्या, पावडरी, कॅप्सूल पिशवीत घालून ने आणि टेबलावर ओत. आमची पिशवी घरीच राहिली होती.