रक्ताच्या स्टेम सेल आणि एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स: पुण्यात यावर कोणी काम केलंय का?

हो, डॉ. वैजयंती काळे. आधी गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात, नंतर सिम्बायोसिसच्या स्टेम सेल केंद्रात.

सुरुवातीचं काम अगदी व्यवहारी होतं. रक्त तयार करणाऱ्या पेशी (रक्ताच्या स्टेम सेल, म्हणजेच रक्तमूळपेशी, त्यांतल्याच) गोठवल्या की पुष्कळ मरतात. डॉ. ललिता लिमये यांच्यासोबत त्यांनी गोठवण्याच्या द्रावणात ट्रेहॅलोज ही साखर आणि अँटिऑक्सिडंट घालून पाहिले (२००१). असल्या कामाला बातमीत जागा मिळत नाही, पण प्रत्यारोपणात नेमकं तेच उपयोगी पडतं.

व्हेसिकल्स म्हणजे पेशीने बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुड्या. आत आरएनए, प्रथिनं असतात आणि शेजारची पेशी त्या गिळते. डॉ. काळे यांच्या गटाचा २०१८चा 'स्टेम सेल्स' नियतकालिकातला पेपर जरूर वाचा. म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तमूळपेशी तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या आधारपेशींसोबत थोडा वेळ ठेवल्या, तर त्या पुन्हा नीट काम करू लागल्या; कारण पुड्यांतून आलेले ऑटोफॅजीचे, म्हणजे पेशीतल्या साफसफाईचे, एमआरएनए (प्रथिनं बनवण्याचे निरोप). वय वाढलं की आधारपेशींत एकेटी नावाचा संदेशमार्ग चढा राहतो आणि पुड्यांतला हा माल घटतो. गंमत म्हणजे एकेटी दाबल्यावर म्हाताऱ्या आधारपेशींच्या पुड्या तरुणांच्या पुड्यांपेक्षाही सरस ठरल्या!

पुड्यांचं हे सगळं काम उंदरांत बरं का. 'एक्सोसोम थेरपी'ची (एक्सोसोम म्हणजे अशाच पुड्यांचा एक प्रकार) जाहिरात करणाऱ्या क्लिनिकने असा पेपर दाखवला, तर पैसे खिशातच ठेवा.