आजोबांच्या ट्रंकेत चार पितळी तारे आणि दोन मुकुट सापडले. ते कर्नल होते का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा मराठा पलटणीत होते, १९४६ साली निवृत्त झाले, आणि ट्रंकेत चार तारे न्‌ दोन मुकुट आहेत. एका खांद्यावर एक मुकुट आणि दोन तारे म्हणजे कर्नल, हा तुमचा हिशेब चुकीचा नाही. पण त्याच सहा तुकड्यांचा दुसराही हिशेब लागतो. त्या काळी सुभेदाराच्या प्रत्येक खांद्यावर दोन तारे असत, आणि सुभेदार-मेजर झाल्यावर ते उतरवून एकेक मुकुट चढे. म्हणजे चार तारे आधीचे आणि दोन मुकुट नंतरचे, असंही असू शकतं.

मला दुसरी शक्यता जास्त वाटते. भारतीयांना अधिकारी म्हणून पूर्ण कमिशन मिळू लागलं ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि डेहराडूनची लष्करी अकादमी निघाली १९३२ मध्ये. करिअप्पांना (पुढे भारताचे पहिले भारतीय सरसेनापती) १९१९ मध्ये कमिशन मिळालं, तरी पलटणीचं नेतृत्व मिळायला १९४२ उजाडलं, आणि तोवर कुणाही भारतीयाला ते मिळालेलं नव्हतं. १९४६ पर्यंत भारतीय कर्नल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, त्यामुळे आजोबा त्यांपैकी असते तर त्यांचं नाव छापील नोंदींत सहज सापडलं असतं.

हे वाचून घरात कुणी हिरमुसू नये. सुभेदार-मेजर अख्ख्या पलटणीत एकच असे. शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर पोचायला उभी हयात जाई, आणि जवानांच्या मनातलं गोऱ्या कमांडिंग ऑफिसरला सांगायचं काम त्याचं. डॉ. आंबेडकरांच्या वडिलांना सुभेदार रामजी सकपाळ म्हणताना आपण तो हुद्दा नावाआधी लावतो, तो उगाच नाही.

आता वस्तूंकडे. तारा हातात घेऊन नीट बघा. पाच टोकांचा साधा तारा असेल तर तो २६ जानेवारी १९५० नंतरचा, म्हणजे आजोबांचा नव्हे. त्याआधीचा तारा ‘बाथ’ या ब्रिटिश मानचिन्हावरून घेतलेला: टोकावर उभ्या केलेल्या चौकोनासारखा, कडेला किरणं, मधे क्रूस, त्यात तीन चिमुकले मुकुट आणि भोवती ‘त्रिया जुंक्ता इन उनो’ ही लॅटिन अक्षरं. मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल वर गेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, १९०१ नंतरचा. मधे खळगा पडलेला असेल तर बहुधा १९५३ नंतरचा, राणीचा. तो भारतीय सैन्यात कधी आलाच नाही, कारण १९५० मध्येच मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आले होते. पितळ मुद्दाम काळं केलेलं असेल तर रायफल पलटणीचा विचार करा.

अस्सल की नक्कल हे पाठीमागे कळतं. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून ‘कर्नलचा सेट’ म्हणून घेतलेले तारे घरी भिंगाखाली धरले, तेव्हा लॅटिन अक्षरं लोण्यात बोट फिरवल्यासारखी बुजलेली होती आणि पाठीवर बारीक खड्डे होते. अस्सल ताऱ्यावरून साचा काढून ओतलेले होते ते. ओतीव तारा थंड होताना आकसतो, त्यामुळे अस्सलाशेजारी ठेवला की जरासा लहान दिसतो. ठशावर दाबून काढलेल्या ताऱ्याची अक्षरं आणि किरणं धारदार असतात, आणि मागे तांब्याच्या तारेच्या दोन कड्या डाख देऊन बसवलेल्या असतात. त्या कापडातून आरपार घालून आतून पिन लावायची. तुमचे तुकडे घरच्याच ट्रंकेतले आहेत, त्यामुळे नकलेची भीती कमी, पण सेट पुरा करायला बाहेरून काही घेणार असाल तर आधी उलटून बघा. आणि कृपा करून ब्रासो लावू नका! ऐंशी वर्षांचा सोन्याचा मुलामा दहा मिनिटांत जातो आणि परत येत नाही.

पदकं असतील तर त्यांच्या कडा तपासा. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, कधी हुद्दाही. पेन्शनचा कागद किंवा डिस्चार्जचं पुस्तक मिळालं तर प्रश्नच मिटला. नाहीतर नंबर घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली मंडळी ते लिहायला मदत करतात.

ट्रंकेत एखादा जुना खाकी शर्ट आहे का? खांदपट्टी उजेडासमोर धरा. प्रत्येक चिन्हाच्या कड्यांसाठी दोन भोकं पाडलेली असतात. कर्नलच्या पट्टीवर अशा तीन जोड्या एका ओळीत दिसतील, सुभेदाराच्या पट्टीवर दोनच.