होडी आणि इपॉक्सी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ६ मिलिमीटर प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं टाचून साडेतीन मीटरची होडी जोडत आहे. इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर पक्कं होणारं चिकट द्रव्य) २:१ प्रमाणाचं आहे. लवकर कडक व्हावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला. तीन दिवस झाले, तरी एका कोपऱ्यात हातभर पट्टा अजून चिकट आहे, बाकी सगळं कडक. वरून आणखी एक हात दिला तर चालेल का?

उत्तर: नाही. खालचं कच्चं राहिलं, तर वरचा थर कितीही चांगला बसला तरी कच्च्यासकट सुटून येतो.

आधी ते खरंच कच्चं आहे का, हे पाहा. पट्टा कोमट पाण्यानं पुसा आणि नख दाबा. तेलकटपणा निघून गेला आणि नख रुतलं नाही, तर वर नुसता मेणचट थर आला होता. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. नख रुतलं तर एक दिवस तो भाग ३५-४० अंशांवर ऊबदार ठेवा. थंडीमुळे मागे राहिलेलं इपॉक्सी तेवढ्यानं पुढे सरकतं. तरीही नख रुतत असेल तर माप चुकलंय किंवा ढवळणं अपुरं झालंय, आणि ते आपोआप कधीच पक्कं होणार नाही. खरवडणीनं काढा. उरलेला चिकटपणा ॲसिटोनच्या फडक्यानं पुसा, फडकं दर दोन-तीन वेळा बदला, नाहीतर तोच राडा परत पसरतो. पुसून झाल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून नवं इपॉक्सी लावा.

जास्त हार्डनर म्हणजे जास्त वेग, ही समजूत पॉलिएस्टर रेझिनवरून आलेली आहे. तिथे एक-दोन टक्के कॅटॅलिस्ट रेझिनला चालना देतो, त्यामुळे तो थोडा कमी-जास्त चालतो. इपॉक्सीत हार्डनरचा प्रत्येक कण रेझिनशी जोडला जाऊन त्या पदार्थाचाच भाग होतो. जोडीला रेझिन उरलं नाही तर तो तसाच मोकळा राहतो आणि सगळं मऊ पडतं. वेग हवा असेल तर त्याच कंपनीचा फास्ट हार्डनर घ्या.

आणखी एक खाच: २:१ हे सहसा आकारमानाचं प्रमाण असतं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असल्यामुळे वजनानं तेच प्रमाण १०० ला साधारण ४३ च्या आसपास येतं. काट्यावर १०० ला ५० मोजणाऱ्याचं माप दर वेळी चुकतं. डब्यावर वजनाचं प्रमाण वेगळं छापलेलं असेल तर तेच धरा. मिश्रण दोन मिनिटं पूर्ण ढवळा, कडा आणि तळाचा कोपरा खरवडत. मग दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. बाकी सगळं कडक आणि हातभरच पट्टा कच्चा, हे बहुतेक वेळा भांड्याच्या कडेला न ढवळता राहिलेलं शेवटचं इपॉक्सी तिथे लागल्याचं लक्षण असतं.

प्रश्न: अर्धा लिटर मिश्रण एकदम केलं. दहा मिनिटांत भांडं हातात धरवेना, धूर निघाला आणि प्लास्टिक वितळलं. माल खराब आहे का?

उत्तर: माल ठीक आहे. पक्कं होताना इपॉक्सी उष्णता सोडतं, उष्णतेनं ते आणखी वेगानं पक्कं होतं, आणि खोल भांड्यातून उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच मिसळा आणि ढवळून झाल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता. पातळ पसरलेलं मिश्रण बराच वेळ टिकतं. उन्हाळ्यात स्लो हार्डनर वापरा. भांडं तापायला लागलंच तर ते लगेच उघड्यावर, फरशीवर किंवा मातीवर नेऊन ठेवा आणि त्याचा धूर श्वासात घेऊ नका. भुसा पडलेल्या कचऱ्याच्या डब्यात ते कधीही टाकू नका, आग लागू शकते.

प्रश्न: तळाच्या कडेची पट्टी इपॉक्सीनं चिकटवून शिकंजे चांगले आवळले होते. पंधरा दिवसांनी ती हातानं उचकटली गेली. लाकडावर इपॉक्सीची जेमतेम चमक दिसते. काय चुकलं?

उत्तर: सांधा उपाशी राहिला. सुताराच्या गोंदाला दाब लागतो, इपॉक्सीला लागत नाही. त्याला सांध्यात स्वतःची जाडी हवी असते. तुमच्या शिकंज्यांनी अर्धं इपॉक्सी बाहेर ढकललं आणि उरलेलं लाकडानं पिऊन टाकलं.

काम दोन टप्प्यांत करा. आधी दोन्ही पृष्ठभागांवर नुसतं इपॉक्सी ब्रशनं लावा आणि दहा मिनिटं पाहत राहा. चमक जाऊन डाग कोरडे दिसू लागले की तिथे लाकूड पितंय, पुन्हा लावा. फळीच्या आडव्या कापाला, म्हणजे जिथे रेषांची टोकं उघडी असतात तिथे, दोन-तीन वेळा लावावं लागतं. मग उरलेल्या इपॉक्सीत सिलिकाची भुकटी मिसळा. पट्टीवरून ओघळणार नाही इतपत घट्ट झालं की एकाच बाजूला थापा. शिकंजा दोन्ही भाग जागेवर राहतील इतकाच आवळा. कडेनं सलग बारीक मणी बाहेर आले की थांबा. मणी कुठे तुटला असेल तर तिथे आत पोकळी आहे.

आतल्या कोपऱ्यात भरायच्या गोलाईलाही हाच क्रम. टाक्यांच्या मधल्या जागी घट्ट मिश्रणाचे छोटे ठिपके लावून होडीचा आकार पक्का करा आणि दुसऱ्या दिवशी तारा काढा. एखादी अडकली तर तिचं टोक सोल्डरिंग आयर्ननं तापवा, भोवतीचं इपॉक्सी मऊ होऊन ती सरळ निघते. मग अख्खा कोपरा ओला करून लाकडाची बारीक भुकटी आणि थोडा सिलिका घातलेलं मिश्रण भरा. रंगारी भिंतीला लावतो त्या लांबीइतकं (पुट्टीइतकं) ते घट्ट हवं, काठी उचलली की टोक उभं राहायला हवं. ६ मिलिमीटर प्लायला २० मिलिमीटरच्या आसपास त्रिज्येची गोलाई द्या. गोल टोकाची पट्टी एकाच दमात ओढत नेली की ती येते. दोन्ही कडांना राहणारे बारीक उंचवटे तेव्हाच पटाशीसारख्या पट्टीनं उचला, कारण पक्के झाल्यावर ते घासणं फार जिकिरीचं होतं. गोलाई घट्ट झाली पण नखाचा ठसा उमटतोय, अशा वेळी वर ७५ मिलिमीटरची काचकापडाची पट्टी बसवून भिजवा. मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची हलकी भुकटी) या कामाला वापरू नका. ते घासायला सोपं असतं, म्हणून पृष्ठभाग सपाट करायला उत्तम, पण सांध्याचा भार सहन करत नाही.

प्रश्न: सकाळी बाहेरून काचकापड लावलं. दुपारपर्यंत त्याखाली बारीक फुगे आले, काही ठिकाणी कापड पांढरं दिसतं. सांध्यांवर फायबरग्लासची मॅट लावली, ती भिजतच नाही.

उत्तर: तीन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. लाकूड तापलं की त्यातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या इपॉक्सीतून वर येते. म्हणून हे काम तापमान उतरत असताना, म्हणजे दुपार कलल्यावर करा. तेव्हा लाकूड उलट इपॉक्सी आत ओढतं. काम झाल्यावर होडी उन्हात ठेवू नका. पांढरी जागा म्हणजे कोरडं कापड. चमकदार डबकं दिसलं तर कापड तरंगतंय, ते रबरी पट्टीनं खेचून काढा. योग्य भिजलेलं कापड पारदर्शक दिसतं आणि त्याची वीण हाताला लागते. २०० ग्रॅमचं कापड भिजायला दर चौरस मीटरला साधारण तेवढंच मिश्रण लागतं, शिवाय लाकूड पिईल ते वेगळं. वीण भरण्याचं काम पुढच्या दोन-तीन हातांवर सोडा.

सुट्या तंतूंची साधी मॅट ज्या चिकट द्रव्यानं धरलेली असते, ते पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतं. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट ताठच राहते. ती ओली असतानाच काढून विणलेलं कापड लावा.

प्रश्न: कडक झालेल्या इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो आणि पॉलिश पेपर लगेच भरून जातो.

उत्तर: हार्डनरमधली अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून हा थर तयार होतो. दमट, गार हवेत तो जास्त येतो. तो पाण्यात विरघळतो. आधी साधं पाणी आणि भांडी घासायचा खरखरीत पॅड घेऊन धुवा, कोरड्या कापडानं पुसा, मगच घासा. न धुता घासलं तर मेण आणखी आत रगडलं जातं आणि रंग पुढे सोलून निघतो. पुढचा हात आधीचा किंचित चिकट असतानाच दिलात तर धुणं-घासणं टळतं आणि दोन थर एकजीव होतात.

प्रश्न: मनगटावर पुरळ येतंय. हात ॲसिटोननं स्वच्छ करतो.

उत्तर: ते ताबडतोब बंद करा. ॲसिटोन इपॉक्सी पातळ करून कातडीत पोचवतं. साबण-पाण्यानं धुवा. व्हिनेगर फक्त अवजारांसाठी ठेवा. नायट्राइलचे हातमोजे, लांब बाह्या, आणि घासताना धुळीचा मास्क वापरा. पूर्ण पक्क्या न झालेल्या इपॉक्सीची धूळही तितकीच त्रास देते, म्हणून मोठं घासकाम आठवडाभरानं करा. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, पुढे थोड्याशा स्पर्शानंही उठते. पुरळ पूर्ण बरं होईपर्यंत काम थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: जुन्या डब्यातलं रेझिन पांढरं, रवाळ झालंय. टाकून द्यायचं?

उत्तर: टाकू नका. गारठ्यात रेझिनचे स्फटिक होतात. झाकण सैल करून डबा ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवा, आत पाणी जाऊ देऊ नका आणि अधूनमधून ढवळा. एकही कण न दिसेपर्यंत थांबा, झाकणाच्या आट्यांमधले कणही पुसून घ्या. एखादा जरी राहिला तरी त्याच्याभोवती पुन्हा स्फटिक धरतात. रेझिन खोलीच्या तापमानाला आलं की मगच मोजा.