‘हेडीस’मधला कॅरन : नावाडी की दुकानदार?

‘हेडीस’ या व्हिडिओ गेममध्ये कॅरनला, म्हणजे ग्रीक पुराणातल्या मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याला, दुकानात बसवून त्याचे मूळ रूप बिघडवले आहे का, आणि त्याच्या दुकानातली नाण्यांची थैली उचलावी का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. सुपरजायंट गेम्सने २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेल्या या गेमने कॅरनच्या कथेतला जुना आणि टिकाऊ धागा, म्हणजे त्याचे भाडे, नेमका पकडला आहे.

होमर आणि हेसिअड या प्राचीन ग्रीक कवींच्या काव्यांत हा नावाडी नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये मृतांसाठी ठेवल्या जाणाऱ्या पांढऱ्या तैलकुंभांवर तो दिसतो, तेव्हा त्याच्या अंगात कष्टकऱ्याचा आखूड अंगरखा आणि डोक्यावर टोपी असते, आणि काही चित्रांत देवांचा दूत हर्मीस मृताला त्याच्या नावेपर्यंत आणून सोडतो. गेममधला हर्मीस कॅरनला आपला कामातला सहकारी मानतो, ते या जुन्या नात्याला धरूनच आहे. इ. स. पूर्व ४०५ मधल्या ॲरिस्टोफनीसच्या ‘बेडूक’ या नाटकात कॅरन डायोनायसस या देवाकडून दोन ओबोल (ग्रीक नाणी) घेतो आणि वर त्यालाच वल्हवायला बसवतो. विस्कटलेली पांढरी दाढी आणि जळते डोळे असलेला उग्र म्हातारा आपल्याला रोमन कवी व्हर्जिलकडून मिळाला; ज्यांचे अंत्यसंस्कार झाले नाहीत, त्यांना तो शंभर वर्षे काठावर ताटकळत ठेवतो.

मृताच्या तोंडात ठेवलेले नाणे एकाच प्रवासाच्या कामाचे असते. गेमचा नायक झॅग्रियस पाताळातून पुन्हा पुन्हा पळू पाहतो; तेथेही ओबोल त्या एका पलायनापुरतेच टिकतात, तो मेला की ते संपतात, म्हणून ते वाटेतच खर्च करणे शहाणपणाचे ठरते. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते, कारण पुराणातला नियम येथे कुणी समजावून सांगत नाही, तो खेळता खेळता अंगवळणी पडतो. बदल आहे तो बोलण्यात. नाटकातला कॅरन चांगला बोलतो, येथे तो केवळ घोगरे हुंकार देतो आणि झॅग्रियस त्यांना अर्थ कळल्यासारखी अदबीने उत्तरे देतो. हे हुंकार आवाज देणारे अभिनेते लोगन कनिंगहॅम यांचे आहेत. पाताळाचा राजा हेडीस आणि योद्धा अकिलीस या पात्रांचे आवाजही त्यांचेच आहेत. नावेचे म्हणाल तर कथा पूर्ण होईपर्यंत खेळत राहा, ती विसरलेली नाही. याहून अधिक सांगून मी आपला आनंद हिरावणार नाही.

आता थैलीविषयी. दुकानात कधीतरी दिसणारी ही ३०० ओबोलांची थैली उचलली, की कॅरन वल्हे घेऊन लढायला उभा राहतो. जिंकल्यास एक सवलतपत्र मिळते आणि त्या पलायनाच्या उरलेल्या वाटेवर त्याच्याकडच्या किमती २० टक्क्यांनी उतरतात. त्यामुळे पुढे बरीच दुकाने बाकी असतील आणि झॅग्रियसची प्राणशक्ती भरलेली असेल, तेव्हाच ही लढाई ओढवून घ्यावी. शेवटच्या टप्प्यावर सवलतीचा उपयोग थोडा आणि धोका मात्र तेवढाच असतो. लढताना त्याच्या वल्ह्याच्या फटकाऱ्यातून सुटणाऱ्या लाटांवर नजर ठेवावी आणि झेप वाया घालवू नये. कॅरनला पहिले अमृत (नेक्टर, गेममध्ये भेट म्हणून द्यायचे पेय) दिल्यावर मिळणारे हाडांचे वाळूघड्याळ वाटेतल्या कॅरनच्या विहिरींतून, म्हणजे तात्पुरत्या वस्तू विकणाऱ्या ठिकाणांहून, घेतलेल्या वस्तूंचा परिणाम अधिक काळ टिकवते, पण त्या विहिरींवर आपण नेहमी खर्च करत असाल तरच ते जवळ बाळगण्यात अर्थ आहे.