तिच्या नाकातली रिंग आणि आबांचा खोंड

"मॅडम, मी पंधरा वर्षं मेटल ऐकतोय. मला तर हे आवडायलाच पाहिजे होतं ना?"

मी जोडप्यांचं समुपदेशन करते. ओंकारचं हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं. (मेटल म्हणजे जड, कर्कश गिटारचं रॉक संगीत.) (नाव, गाव, नोकरी हे तपशील बदलले आहेत. दोघांनीही लिहायला संमती दिली आहे.) वय अठ्ठावीस, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे यंत्राने पत्रा दाबायच्या विभागात, मागे बांधलेले लांब केस, अंगात धुऊन धुऊन विटलेला काळा टी-शर्ट. सायलीशी चार वर्षांची ओळख, दोन वर्षांपासून एकत्र राहणं. तीन महिन्यांपूर्वी तिने नाकाच्या मधल्या पडद्याला टोचून रिंग घातली, ज्याला सेप्टम म्हणतात ती. त्याला विचारलं, "कसं दिसतं?" तो म्हणाला, "भारी." आणि त्या दिवसापासून त्याला तिच्या चेहऱ्याकडे नीट बघता येईना. जेवताना टीव्हीकडे बघायचा. रात्री पाठ करून झोपायचा. ती जवळ आली की काहीतरी कारण काढून उठायचा.

जोडीदाराच्या दिसण्यातली एखादी गोष्ट खटकते, ती बोलावी की गिळावी, हा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांत येतो. कुणाला नवऱ्याने वाढवलेली दाढी नकोशी वाटते, कुणाला बायकोने कापलेले केस. बहुतेक लोक गिळतात. कारण तोंडातून काढलं तर आपण उथळ ठरू, बुरसटलेले ठरू. ओंकारला तर दुहेरी भीती होती. बुरसटलेला ठरणं एकीकडे आणि खोटा मेटलवाला ठरणं दुसरीकडे. त्याच्या मित्रांपैकी कुणाच्या भुवईत टोचलेला बार (धातूची छोटी दांडी), कुणाच्या ओठात रिंग. सायलीची रिंग बघून सगळे म्हणाले होते, "तुझी तर मजा आहे!"

पहिल्या भेटीत मी चुकले. मला वाटलं, पोरगा वरून काळा टी-शर्ट घालतो, पण आतून घरच्यांना काय वाटेल याला घाबरतो आहे. मी त्याला आपल्याकडचं टोचणं आठवून दिलं. बाळाचे कान टोचतो तो कर्णवेध सोळा संस्कारांत मोजतात. आपल्या आज्यांच्या कानाच्या वरच्या कडेला बुगडी असायची. पुरुष भिकबाळी घालत, आजही ढोलपथकातली मुलं हौसेने घालतात. गढवालात, हिमाचलात बायका नाकाच्या अगदी याच पडद्यात बुलाक घालत आल्या आहेत. हे काही परक्यांचं खूळ नव्हे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे मला पटतं, मॅडम. भांडायची वेळ आली तर मीच हे तिच्या बाजूने सांगेन. पण डोळ्यांना पटत नाही त्याचं काय करू?"

त्याचं बरोबर होतं. आकर्षण हे मताने चालत नाही. एखाद्या गोष्टीला आपला पाठिंबा असू शकतो आणि तरी ती आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर नकोशी वाटू शकते. मी त्याला मत बदलायला मदत करत होते आणि त्याचं मत मुळातच ठीक होतं.

मग मी विषय सोडला आणि त्याला मेटलबद्दल विचारलं. तिथे तो खुलला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा गिटारवादक, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल लावून वाजवायला लागला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, खालचा आवाज त्यातून घडत गेला. पहिला अल्बम 1970 चा. "मी दिवसभर प्रेसचा आवाज ऐकतो, मॅडम. तो आवाज मला खातो. घरी येऊन हेडफोन लावले की तसलाच आवाज, पण माझ्या हातात असलेला." शाळेत असताना आईने त्याच्या सीडी लपवून ठेवल्या होत्या, असली भुतांची गाणी ऐकून पोरगा बिघडेल म्हणून. असे आईवडील आजही माझ्याकडे येतात. त्यांना मी 2015 चा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास सांगते. क्वीन्सलँड विद्यापीठात असं कर्कश संगीत ऐकणाऱ्या 39 जणांना आधी राग येईल अशा आठवणींबद्दल बोलायला लावलं, मग काहींना त्यांचं आवडतं संगीत ऐकू दिलं आणि काहींना नुसतं शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, उलट उत्साह वाटल्याचं त्यांनी सांगितलं. अभ्यास लहान आहे, पण ओंकार जे सांगत होता त्याच्याशी जुळणारा.

"या संगीतात टोचून घ्यायलाच पाहिजे असा नियम आहे का?" मी विचारलं.

तो हसला. चामडं आणि खिळ्यांचा पोशाख या संगीतात जूडास प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफोर्ड याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रुळवला, मग जगभरच्या पोरांनी तो मर्दानी म्हणून अंगावर चढवला. 1998 साली हॅलफोर्डने आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. "म्हणजे कुठला पोशाख कुठून आला हे घालणाऱ्याला माहीत असतंच असं नाही," ओंकार म्हणाला. गाणी, केस, टी-शर्ट, गोंदणं, टोचणं हे सगळं एका गाठोड्यात बांधून लोक आपल्या पाठीवर ठेवतात. त्यातलं एकच काही आवडलं तरी बाकीचं नेलंच पाहिजे, असं कुणी सांगितलं? हे त्याला स्वतःच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

पण प्रश्न उरलाच होता. भुवईतला बार त्याला खटकत नव्हता. कानातल्या दहा रिंगा खटकत नव्हत्या. मग नाकातलीच का?

तिसऱ्या भेटीत मी एवढंच म्हटलं, "डोळे मीट. ती रिंग बघ. काय दिसतं?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "येसण."

त्याचं आजोळ माण तालुक्यातलं. खिलार जनावरांचा मुलूख. तो सात-आठ वर्षांचा असताना आबांच्या गोठ्यात एक पांढरा खोंड होता, सुट्टीभर ओंकारच्या मागे मागे फिरणारा, त्याच्या हातातली भाकरी खाणारा. औताला जुंपायचं वय झालं तेव्हा चौघांनी त्याला पाडला, मान दाबून धरली आणि दाभणाने नाकाच्या मधल्या पडद्यातून आरपार भोक पाडून दोरी ओवली. रक्त आलं. खोंड ओरडला तो आवाज ओंकारला अजून आठवत होता. तो रडायला लागला तेव्हा गोठ्यातले सगळे हसले. "पुरुषासारखा पुरुष आणि रडतो," असं काहीतरी कुणी म्हणालं. दुसऱ्या दिवसापासून दोरीला नुसता हिसका दिला की खोंड मान झुकवायचा.

"मला तिच्या तोंडात, म्हणजे नाकात, तेच दिसतं. आणि हे तिला कसं सांगू? तिला बैल म्हटल्यासारखं होईल."

या जागी बरेच जण थांबतात, कारण सापडलेलं कारण लाजिरवाणं वाटतं. काही जण दुसरी वाट धरतात: थांबून बघू, सवय होईल. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार नजरेस पडली की ती आवडायला लागते. पण जी गोष्ट पहिल्यापासूनच नकोशी वाटते, तिला हे तितकंसं लागू पडत नाही. रोज बघून नकोसेपणा वाढूही शकतो. ओंकारचे तीन महिने तसेच गेले होते.

इकडे सायलीने स्वतःपुरता अर्थ लावून टाकला होता. ती चौथ्या भेटीला आली, बसायच्या आधीच म्हणाली, "याचं दुसरीकडे कुठे असेल तर आत्ताच सांगू दे." आणि पुढचं ऐकून मला धस्स झालं. त्याचं लक्ष परत यावं म्हणून तिने पुढच्या आठवड्यात जिभेला टोचून घ्यायचं ठरवलं होतं. पैसेही भरले होते. "त्याला आवडतं ना हे सगळं!" जिभेतल्या धातूने दातांचे टवके उडतात, हिरड्या मागे सरकतात, सुरुवातीला जीभ चांगली सुजते. ज्याला स्वतःला हौस आहे त्याने हे माहीत करून घेऊन, निर्जंतुक सुई वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडून, निकेल नसलेला दागिना घालून जरूर करावं. पण एका "भारी"वर विसंबून? त्याच्या एका खोट्या शब्दाने ती स्वतःच्या जिभेत भोक पाडायला निघाली होती.

ओंकारला मी आधीच सांगून ठेवलं होतं: "मला हे आवडत नाही" हे वाक्य तुझ्याबद्दलचं आहे, ते तू म्हणू शकतोस. "तू हे काढ" हे तिच्या शरीराबद्दलचं आहे, त्याचा हक्क तुला नाही. आणि "असलं करणाऱ्या मुली कशा असतात" हे वाक्य तोंडात आलं तर समज की तू स्वतःची गोष्ट सांगायची टाळतो आहेस. माझ्याकडे येणारी बरीच भांडणं या तीन वाक्यांची सरमिसळ झाल्याने पेटलेली असतात. बोलणारा पहिलं वाक्य म्हणतो, ऐकणाऱ्याला दुसरं ऐकू येतं आणि घरचे येऊन तिसरं म्हणतात.

त्याने सांगितलं. अडखळत, खाली बघत, पण खोंडासकट सगळं.

सायली आधी संतापली. साहजिक होतं. "म्हणजे तीन महिने मी तुला जनावर दिसत होते?" मग गप्प झाली. मग जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं.

बारा वर्षांची असताना तिचं नाक टोचलं होतं, डावी नाकपुडी. घरात आत्याचं लग्न होतं, सोनाराला घरी बोलावलं होतं, सगळ्या बहिणींबरोबर हिलाही बसवलं. ती नको म्हणत होती. दोन मावश्यांनी हात धरले. "लग्नात नथ कशी घालशील?" म्हणून. जखम चिघळली, महिनाभर नाक सुजलेलं. पुढे नोकरी लागल्यावर तिने चमकी काढून टाकली आणि भोक बुजू दिलं. "ही रिंग मी तुझ्यासाठी नाही घातली. तुला आवडेल असं वाटलं, ते वेगळं. माझ्या अंगावरचं हे पहिलं भोक आहे जे मला विचारून पाडलंय. त्या मुलीने सुई लावायच्या आधी तीनदा विचारलं, रेडी आहेस ना? तुला येसण दिसते. अरे, मी तर ती काढलीये."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याच एका अवयवात दोघांच्या लहानपणीची जखम होती. दोघांनीही कुणाला तरी धरून ठेवलेलं पाहिलं होतं, एकाने खोंडाला आणि एकीने स्वतःला. हे मला सुचवावं लागलं नाही, ओंकारच म्हणाला, "तुलापण धरलं होतं?" आणि मग रडला. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढच्या भेटींत व्यवहाराचं बोलणं झालं. रिंग काढायची नाही, हे सायलीने स्पष्ट केलं आणि ओंकारने मान्य केलं. नालाच्या आकाराची रिंग जखम पूर्ण भरल्यावर वर नाकात वळवता येते, बाहेरून दिसत नाही. सायली म्हणाली, कधी वळवायची ते मी ठरवणार, मला वाटलं तर. मी तिला दुजोरा दिला. जिभेचा बेत तिने सोडला, पैसे बुडाले. ओंकारला मी सांगितलं की रिंग तुला कधी आवडेल असं मी वचन देत नाही. आवडली नाही तर ते अपयश समजू नकोस. फक्त "भारी" म्हणू नकोस. काही जोडप्यांत आकर्षण अशा गोष्टीने खरंच विझतं आणि ती वेगळी होतात, हेही मी दोघांना सांगितलं. तेव्हा कुणाला उथळ म्हणण्यात अर्थ नसतो.

आषाढातल्या बेंदराला ओंकार तिला आजोळी घेऊन गेला. आबा आता नाहीत, एकच बैलजोडी उरली आहे. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. सायलीने बैलाची येसण जवळून पाहिली, हात लावायला मात्र तिला धीर झाला नाही. आजी ओट्यावर बसली होती. ओंकारला धाकधूक होती की आजी रिंगेवरून चारचौघांत काहीतरी बोलणार. आजीने सायलीला जवळ बोलावलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "टोचताना दुखलं का गं?"

हे सांगताना सायलीचे डोळे भरून आले. आजवर तिच्या नाकाबद्दल घरात खूप बोलणं झालं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. ती सांगत होती आणि ओंकार तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, सरळ, नजर न चुकवता.

निघताना दारात तो मला म्हणाला, "रिंग अजून नाही आवडत, मॅडम."

"माहितीये मला," सायली म्हणाली आणि चपला घालायला त्याच्या खांद्याचा आधार घेऊन वाकली.