संमोहनात शब्द इतके तोलून का वापरावे लागतात?

आपला प्रश्न असा आहे की, संमोहनात आवाजाचा चढउतार आणि समोरच्याचा विश्वास हेच मुख्य असेल, तर संमोहनाच्या सूचनांच्या तयार इंग्रजी संहितेचे भाषांतर जसेच्या तसे वाचून दाखवल्याने काय बिघडते. समुपदेशनात मी संमोहनाचा वापर करतो आणि माझ्या मते बरेच बिघडते, कारण डोळे मिटून ऐकणारी व्यक्ती पुष्कळदा शब्दाचा पहिला, सरळ अर्थच धरते.

‘हातपाय जड होत आहेत’ ही सूचना सहज चालून जाते. मात्र त्याच ओघात ‘डोके जड होत आहे’ किंवा ‘छाती जड होत आहे’ असे म्हटले, तर मराठी माणसाला विश्रांती नव्हे, दुखणे आठवते. म्हणून सत्राआधीच्या बोलण्यातच, निवांत असताना नेमके कसे वाटते ते मी समोरच्या व्यक्तीला विचारून घेतो आणि पुढे शक्यतो तिचेच शब्द वापरतो.

‘झोप’ हा शब्दही असाच अडचणीचा आहे. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी 1843 मध्ये आपल्या ग्रंथात ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ केली ती झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि पुढे 1847 मध्ये त्यांनीच ‘मोनोआयडिइझम’, म्हणजे एकाच कल्पनेवरची एकाग्रता, हे नाव सुचवले. पण तोवर पहिले नाव रुळले होते. आजही ‘तुम्ही झोपत आहात’ असे ऐकल्यावर, आपल्याला सगळे ऐकू येते आहे म्हणजे प्रयोग फसला, अशी अनेकांची समजूत होते.

नकाराचेही तसेच. ‘घाबरू नका, दुखणार नाही’ या वाक्यातून भीती आणि दुखणे या दोनच गोष्टी ठळकपणे पोहोचतात. एल्विरा लँग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वैद्यकीय प्रक्रियेच्या वेळी ‘आता दुखेल’ अशा धर्तीची पूर्वसूचना मिळालेल्या रुग्णांना वेदना आणि चिंता दोन्ही अधिक जाणवल्याचे दिसले. म्हणून खोटा दिलासा द्यावा असे नाही. ‘थोडा गारवा किंवा दाब जाणवू शकेल’ हे खरे असेल तर तेवढेच सांगावे.

सर्वांत जास्त काळजी मात्र सूचनेच्या मर्यादेची घ्यावी. ‘दाढ आता दुखणार नाही’ ही सूचना मोघम आणि धोक्याची आहे, कारण दुखणे हा शरीराचा इशाराही असतो; दंतवैद्याचे उपचार चालू असेपर्यंत, त्याच जागेपुरते, असे स्पष्ट म्हणावे. हात हलका किंवा बधिर वाटण्याची सूचना दिली असेल, तर सत्र संपवताना तो पूर्ववत झाल्याचे शब्दांत सांगावे आणि व्यक्ती उठून चालू लागण्यापूर्वी तसे खरेच वाटते ना, हे तिला विचारावे.