बारशाचे तीन ड्रेस आणि एक जुनं दुपटं

बारशाला कुणाचं काय घालायचं नि कुणी काय आणायचं, हा प्रश्न माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या बायकांकडून मी इतक्या वेळा ऐकलाय की आता समोरची "मॅडम, बारसं आहे" एवढं म्हणून थांबली तरी पुढचं सगळं मला ऐकू येतं. बाळाला काय घालायचं, बाळंतविडा कुणी केवढा आणायचा, आत्याचा ड्रेस की आजीची कुंची, परतीच्या आहेराला साड्या की स्टीलचे डबे. हसू नका हं. बाळंतीण तीन-तीन तासांच्या तुकड्यात झोपत असते, अंगावर पाजणं चालू असतं, आणि त्यात घरचे फोन करून कापडाचा रंग विचारत असतात. मिरजेचं एक ख्रिस्ती कुटुंब आलेलं, त्यांच्यात बाप्तिस्म्याला बाळाला पांढरा झगा घालतात, म्हटलं चला निदान रंगाचं तरी भांडण नाही, तर तिथं झगा आजीनं जपलेला की धर्ममातेनं नवा आणलेला यावरून दोन घरं बोलायची बंद झालेली. तेव्हापासून मी रंग विचारतच नाही, आणलंय कुणी ते विचारते.

तर अश्विनी. (नाव आणि काही गोष्टी बदलल्यात, लिहायला तिची हरकत नाही.) माहेर विट्याकडचं, सासर सांगलीत विश्रामबागला. भाऊ गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूत दुकान. खानापूर-आटपाडी भागातली अशी कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत, त्यामुळं मामा बारशाला सोनं आणणार हे सगळे धरूनच चालतात. मुलगी वजनानं कमी म्हणून आधी काचेत ठेवलेली, म्हणून बाराव्या दिवसाचं बारसं राहिलं ते आता दोन महिन्यांनी, ऐन एप्रिलमध्ये.

तिनं आल्या आल्या मोबाईलच काढला. नणंदेनं पुण्याहून मागवलेला लव्हेंडर नेटचा फ्रॉक, आणि सगळ्या घरानं त्याच रंगात यायचं, फुगेवाल्यालासुद्धा तोच रंग सांगितलेला. सासूबाईंनी घेतलेला मरून वेलवेटचा जरीकाठाचा सेट, सांगलीच्या एप्रिलमध्ये वेलवेट! आणि तिच्या आईनं स्वतः शिवलेली खणाची कुंची नि परकर-पोलकं.

"फ्रॉक नाही घातला तर काय होईल?"
"ताई रुसणार. पाळण्यात नाव त्याच ठेवणार ना, मान त्यांचा."
"वेलवेट नाही घातलं तर?"
"सासूबाई बोलायच्या नाहीत, पण आठ दिवस भांडी जोरात आपटत्यात."
"आणि कुंची?"
"आईला वाटणार पोरगी सासरची झाली."
"बरं, तुम्हाला ह्यातलं कुठलं आवडलं?"
तिनं परत मोबाईल बघितला. "मी नीट बघितलंच नाही ओ मॅडम अजून."

आता माझी लाईन सांगते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी, आपल्याकडं विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात ती त्याची. माणूस घटनेनं जेवढा दुखावतो त्यापेक्षा "असं झालंच पाहिजे" ह्या स्वतःच्या हट्टानं जास्त दुखावतो, हे मला वीस वर्षं रोज दिसतंय. आणि मराठीत हे पकडणं किती सोपं! आपल्याकडं त्या हट्टाला एक अक्षरच आहे, च. अश्विनी बोलत होती ते मी वहीत लिहून घेतलं आणि तिच्यासमोर धरलं. "सगळ्यांना आवडायलाच पाहिजे. कुणी नाराज व्हायलाच नको. पहिलं बारसं आहे, नीट झालंच पाहिजे." तिन्ही च ला पेनानं गोल केले आणि म्हटलं, आता हेच च काढून म्हणा. तिनं म्हटलं, सगळ्यांना आवडलं तर बरं, कुणी नाराज नाही झालं तर बरं. शाळेतल्या पोरीसारखं म्हटलं, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हे इथं तुमच्यापुढं जमतंय मॅडम, घरी गेलं की च परत येतोय."

खरंय तिचं. दोन भेटी अशाच गेल्या. मला जरा लागलंही, कारण हा च चा प्रकार माझा हुकमी आहे, सहसा फसत नाही.

तिसऱ्या वेळी ती बाळाला घेऊन आली. बोलता बोलता बाळानं तिच्या खांद्यावर दूध काढलं, तिनं न बघता पिशवीत हात घातला आणि एक दुपटं ओढून पुसलं. धुऊन धुऊन पार विरलेलं कापड, कडेला दुसऱ्याच रंगाची पट्टी, एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं भरलेला पोपट, त्याची चोच उसवलेली.

"हे कुणाकडचं?"
"हे होय? हे असंच. आमच्या ह्यांचं आहे लहानपणीचं, सासूबाईंनी काढून दिलं. त्यांच्या आईनं जुन्या लुगड्याचं शिवलेलं म्हणे."
"रोज वापरता?"
"ह्याच्याशिवाय झोपतच नाही की ती."

मी काही बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना माहितेय, गप्प बसणं हे माझ्यासाठी सोपं काम नाही, पण कधी बसायचं ते आता कळतं. ती त्या पोपटावरून अंगठा फिरवत राहिली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यांच्या बारशाला बाळंतविड्यात एवढंच आलेलं. सासूबाईंच्या आईला झेपलंच नव्हतं बाकी काही. जावांनी लय बोलून घेतलेलं, अजून सांगतात त्या."

आणि मग, एकदम, "पण तीस वर्षं जपून काय ठेवलं त्यांनी? हेच की. बाकीच्यांनी आणलेलं भारी-भारी कुठाय, कुणाला आठवतंय?"

माझ्या वहीत पहिल्या दिवशीचं टिपण होतं, 'सासू - हट्टी'. मी ते तिथंच खोडलं. दोन भेटी मी त्या बाईला भांडणातली एक पार्टी धरून बसले होते, आणि मरून वेलवेट म्हणजे नातीला तरी कुणी नावं ठेवू नयेत म्हणून घेतलेलं कापड आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जे अश्विनीला तीन च चे गोल दाखवून पटलं नाही ते तिच्या मांडीवरच्या कापडानं पटवलं. पण च दाखवले नसते तर तिला ते कापड दिसलं असतं का, हाही प्रश्नच आहे, एवढं श्रेय मी घेते.

आता ज्यांच्याकडं बारसं तोंडावर आलंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर, कारण नेहमी विचारतात. आत मऊ सुती झबलं, एकदा घरी धुतलेलंच घाला, कोऱ्या कापडाची खळ नाजूक कातडीला टोचते. जरीची कुंची, नेट, वेलवेट जे काय मानाचं असेल ते त्याच्यावर, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" होईपर्यंत आणि आत्यानं कानात कुर्रर्र करेपर्यंत. दहा मिनिटं. मग काढायचं, कुणी काही म्हणो. म्हणजे तीन ड्रेस असतील तर तिन्ही वापरता येतात, फक्त बाळाला मॉडेल समजून एकापाठोपाठ एक बदलू नका, झोपलं असेल तर झोपू द्या. वाळ्यांचे घुंगरू ओढून बघा, सैल असेल तर सोनाराकडून पक्कं करून घ्या, ते सुटून तोंडात जातात. गळ्यात काळा दोरा नको, हातातल्या मनगट्या बऱ्या, त्याही घट्ट नकोत. काजळ नको. आणि कौतुकानं मध चाटवायला कुणी पुढं आलं तर सरळ अडवा, वर्षाच्या आत मध देत नाहीत, डॉक्टरांचं नाव पुढं करा, त्यांना चालतं.

भेटींचं म्हणाल तर सगळा घोळ "काय आणू गं?" ला आपण "काहीही चालेल" म्हणतो तिथं सुरू होतो. काहीही चालत नसतं आपल्याला! मग सगळे नवजाताचेच कपडे आणतात आणि महिन्याभरात ते कपाटात जातात. सरळ सांगा, सहा-नऊ महिन्यांच्या मापाचं आणा, सुती आणा, नाहीतर डायपर आणा. मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं आई-वडलांनी उघडायचं, 250 रुपयांपासून उघडतं, आणि मामा-काकांना त्यात भरायला सांगायचं.

आणि आईचा ब्लाऊज. ह्यावर कुणीच बोलत नाही. पैठणी काढून ठेवलेली असते, बाळंतपणानंतर ब्लाऊज दंडात शिरत नाही आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडते. आठवडाभर आधी उसवून सैल करून घ्या, पुढं हूक ठेवा, पाजायचं असतं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस उगाच रडू येतं ते पुष्कळ जणींना येतं आणि जातं, पण दोन आठवडे उलटले तरी जात नसेल, बाळाकडं बघावंसंच वाटत नसेल, तर तो बारशाचा ताण समजून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात.

अश्विनीनं पुढं काय केलं तर तिघींना वेगवेगळा फोन. पाळण्यात कुंची, केक कापताना फ्रॉक, वेलवेट दिवाळीला, थंडीत. सासूबाई म्हणाल्या दिवाळीपर्यंत बसायचं नाही ते, तर ही म्हणाली मग बाहीला पट्टी लावू की, तुमच्या आईनं दुपट्याला लावलीय तशी. त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत आणि भांडीपण आपटली नाहीत. नणंद मात्र खरंच रुसली, नाव ठेवलं, घुगऱ्या घेतल्या आणि जेवायला न थांबता पुण्याला गेली, चार दिवस स्टेटसला एक फोटो नाही. अश्विनीनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी वाट बघत होते रडण्याची, तर म्हणाली, "रुसल्या तर बरं नाही वाटत ओ, पण झोप लागली मला."

मामानं अंगठी आणलेली, सोन्याची, नावाच्या अक्षराची. तिकडं परत गेल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला, घातली का, दाखव की. अश्विनीनं बाळाची मूठ कॅमेऱ्यापुढं धरली आणि म्हणाली, "बोट बघ केवढंय दादा. कपाटात ठेवलीय."